झाकणाचा आवाज आणि मिक्सरचा आवाज

आमच्या स्वयंपाकघरातील दोन आवाजांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही. एक मिक्सरचा आणि दुसरा पातेल्यावरच्या स्टीलच्या झाकणाचा. झाकण माझा नऊ वर्षांचा मुलगा फिरवतो. फरशीवर ते उभे धरायचे, नाण्याला द्यावी तशी बोटांनी गिरकी द्यायची आणि पाहत बसायचे. सुरुवातीला ते डौलात फिरते, मग हळूहळू कलू लागते, फरशीच्या जवळ येईल तसतसा त्याचा आवाज घाईघाईचा होत जातो आणि शेवटी एक लांबलचक थरथर होऊन ते एकदम गप्प होते. त्या शेवटच्या थरथरीसाठी तो फरशीला गाल टेकवून आडवा पडतो. झाकण थांबले की पुन्हा गिरकी. हा कार्यक्रम पाऊण तासही चालतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर कंटाळ्याची रेघ उमटत नाही. मात्र मी चटणी वाटायला मिक्सरचे बटण फिरवले की तोच मुलगा दोन्ही कानांत बोटे खुपसून, सगळे अंग आक्रसून, मिक्सरपेक्षाही मोठ्याने किंचाळत गॅलरीत पळतो.

शेजारच्या काकूंनी एकदा दारात उभे राहून विचारले होते, "आवाज सहन होत नाही म्हणता ना त्याला? मग स्वतःचा एवढा दणदणाट कसा चालतो?" विचारण्यात खोच होती हे खरे, पण प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मुलाला ऑटिझम आहे हे आम्हाला तो सव्वातीन वर्षांचा असताना कळले. मला स्वतःला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची आणि सतत चुळबुळ होण्याची अवस्था, आहे हे मी अडतीस वर्षांची झाल्यावर, त्याच्यासाठी फॉर्म भरता भरता कळले. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मधली बरीच वर्षे गेली. जेवढे हाती लागले आहे तेवढे इथे लिहून ठेवते.

हा प्रश्न ऑटिझमच्या अगदी सुरुवातीच्या शास्त्रीय वर्णनातच येऊन गेलेला आहे, हे मला फार उशिरा समजले. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली ११ मुलांविषयी जो लेख प्रसिद्ध केला, त्यात व्हॅक्यूम क्लीनर, लिफ्ट, वाहते पाणी, गॅसची शेगडी, अंडी फेटण्याचे यंत्र अशा वस्तूंनी ही मुले घाबरून जातात अशी नोंद आहे. आणि तिथेच पुढे असेही म्हटले आहे की ज्या आवाजाची मुलाला धास्ती वाटते तेवढाच मोठा आवाज ते स्वतः मात्र आनंदाने करू शकते. कॅनर यांच्या मते त्रास आवाजाचा नसतो, आपल्या एकांतावर न विचारता चालून येणाऱ्या आवाजाचा असतो. (त्याच लेखात आईवडिलांच्या कोरडेपणाविषयी त्यांनी जे सुचवले त्याची किंमत पुढे कित्येक आयांना मोजावी लागली, पण तो राग आज बाजूला ठेवते.) एवढे स्पष्ट निरीक्षण हाताशी असूनही निदानाच्या निकषांमध्ये संवेदनांना अधिकृत जागा मिळायला पुढे ७० वर्षे लागली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची डीएसएम ही नियमावली आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली, तेव्हा कुठे संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देणे हे ऑटिझमच्या लक्षणांत नोंदले गेले. त्याच आवृत्तीने आणखी एक दार उघडले. तोवर एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी अशी दोन्ही निदाने देता येत नसत; आता देता येतात.

काकूंच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग मला असा सुटला. मोबाईलवरच्या ॲपने मी एकदा दोन्ही आवाज मोजून पाहिले होते. ओट्यापाशी मिक्सर ८४ डेसिबलच्या आसपास आणि फरशीपाशी झाकण ७८. म्हणजे फरक होता, पण किंचाळी आणि तल्लीनता यांच्यातील अंतर भरून काढेल एवढा नक्कीच नव्हता. खरा फरक सूत्रे कोणाच्या हातात आहेत यात आहे. झाकण कधी सुरू होणार, कसे कलणार आणि केव्हा थांबणार हे त्याला आधीपासून ठाऊक असते, कारण गिरकी देणारा तोच. मिक्सर मात्र कुठूनतरी अंगावर येतो आणि किती वेळ चालेल याचा काही नेम नसतो. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांना छतावरच्या पंख्याचा आवाज दोन मिनिटांनी ऐकू येईनासा होतो. मेंदू त्याला ओळखीचा समजून मागे सारतो. ऑटिझम असलेल्या अनेकांच्या बाबतीत हे सरावणे हळू होते किंवा होतच नाही. त्यांचा पंखा तासाभरानेही पहिल्या मिनिटाइतकाच फिरत असतो.

दुसरा अर्धा भाग समजायला इंद्रिये किती, इथपासून सुरुवात करावी लागली. शाळेत आपण पाच शिकलो. ऑक्युपेशनल थेरपीवाले, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामांतून उपचार करणारे, आणखी तीन मोजतात: कानाच्या आतल्या भागात असलेली तोलाची जाणीव, स्नायू आणि सांध्यांतून येणारी स्वतःच्या अंगाची जाणीव, आणि भूक, तहान, लघवी, छातीची धडधड अशी शरीराच्या आतून येणारी जाणीव. या प्रत्येकाची पातळी स्वतंत्र असते. एकाच आमटीत मीठ कमी आणि तिखट जास्त असू शकते. मीठ कमी आहे म्हणून तिखट कमी लागत नाही आणि तिखट जास्त झाले म्हणून मिठाची उणीव भरून निघत नाही. माझ्या मुलाच्या कानाला जग फार तिखट आहे. त्याच वेळी अंगाची आणि तोलाची जाणीव त्याला इतकी अळणी लागते की ती भागवायला तो पलंगावरून धप्पकन उडी मारतो, गादी आणि भिंत यांच्या फटीत स्वतःला कोंबून घेतो, शर्टाची कॉलर चावून चावून तिचा चोथा करतो. गुडघा फुटून रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला तरी त्याला पत्ता नसतो, पण त्याच मोज्याची शिवण बोटांवर आली तर तो शाळेच्या दारातून परत फिरतो. आणि झाकणाचे म्हणाल, तर तो ते नुसते ऐकत नव्हता. फरशीतून येणारी थरथर तो गालाने खात होता. आवाज म्हणून ज्याची गणना आपण करत होतो तो त्याच्या दृष्टीने निम्मा स्पर्श होता.

या सगळ्याला काही एक शास्त्रीय मांडणी द्यायचा पहिला मोठा प्रयत्न जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी केला. पुढे १९९७ साली विनी डन यांनी चार खणांची मांडणी केली: ज्यांना जाणवायला बराच मारा लागतो आणि तरी जे शांत बसून राहतात ते, ज्यांना तेवढाच मारा लागतो म्हणून जे तो शोधत फिरतात ते, ज्यांना थोड्यानेच फार होते आणि जे ते सोसत राहतात ते, आणि ज्यांना थोड्यानेच फार होते म्हणून जे पळ काढतात ते. ही मांडणी हाती आली तेव्हा मला अंधारात काडी पेटल्यासारखे वाटले होते, हे कबूल करते. मात्र तिचा दुरुपयोगही डोळ्यांदेखत पाहिला. "तुमचा मुलगा सीकर आहे," म्हणजे शोधत फिरणाऱ्यांपैकी, असे एका केंद्रातून आम्हाला सांगण्यात आले आणि मग वर्षभर त्याला फक्त झोके, उड्या आणि अंगावर ब्रश फिरवणे एवढेच मिळत राहिले. खोलीत भडक रंगांचे दिवे, वर बालगीतांची सीडी, आणि शेजारच्या पडद्याआड दुसरे मूल रडत असलेले. तो शोधतो, हे खरे होते. पण अंगाने शोधतो आणि कानाने पळतो, हे कोणी लिहून घेतले नाही. माणूस एका खणात राहत नाही. दर इंद्रियागणिक, दर तासागणिक त्याचा खण बदलतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ सालीच सांगून ठेवले आहे की संवेदनांवर आधारित उपचारांचा पुरावा मर्यादित आहे, ते करायचे तर एकूण योजनेचा एक भाग म्हणून करावेत आणि उपयोग होतो की नाही हे तपासत राहावे. ते केंद्र आम्ही सोडले. नंतर भेटलेल्या थेरपिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी ट्यूबलाइट बंद केली आणि जमिनीवर बसून तासभर त्याच्याकडे नुसते पाहिले.

आपल्याकडे ऑटिझमचे प्रमाणपत्र मिळवताना इसा नावाची चाळीस प्रश्नांची भारतीय मापनपट्टी वापरतात, तीत संवेदनांचा वेगळा विभाग आहे. संवेदनांना हा विलक्षण हळवा आहे का, याला दुखणे जाणवत नाही का, वस्तूंचा वास घेऊन, चाटून, चाचपून हा प्रतिसाद देतो का, असे प्रश्न त्यात येतात. समोरचे डॉक्टर एकेक प्रश्न वाचत होते, मी मुलासाठी उत्तरे देत होते आणि मनात दुसरी एक उत्तरपत्रिका आपोआप भरली जात होती. ती माझी होती.

माझ्याविषयी लहानपणी जे बोलले जाई ते मराठीतील कोणत्याही घरात बोलले जाते. हिच्या पायाला भिंगरी आहे. हिच्या अंगात किडे आहेत. बूड म्हणून टेकवत नाही कुठे. यातले एकही वाक्य खोटे नव्हते, पण किडे का वळवळतात हे कोणी विचारले नाही आणि मला ते सांगताही आले नसते. संवेदनांचा अतिरेक लोकांना निदान दिसतो, कारण मूल किंचाळते, कान झाकते, पळते. त्यांचा दुष्काळ कोणाला दिसत नाही. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासण्याचे काम करते. एखादे नीरस प्रकरण पुढ्यात आले आणि घरात पूर्ण शांतता असली की चौथ्या पानापाशी काहीतरी घडू लागते, ज्याला कंटाळा हा शब्द फार सौम्य आहे. हातापायांत मुंग्या याव्यात तशी अस्वस्थता डोक्यात येते. ओळ दिसते, अक्षरे दिसतात, पण त्यांचा अर्थ काचेपलीकडे राहतो. मग मी उठते आणि डब्यातला चिवडा खाते, भूक नसताना. नखाशेजारची कातडी सोलते. फोन उघडते, बंद करते, पुन्हा उघडते. आणि जे लिहायला मला सर्वांत अवघड जाते ते म्हणजे, मी भांडण उकरून काढते. नवऱ्याने टॉवेल कुठे टाकला यावरून सुरू झालेल्या कितीतरी भांडणांना टॉवेल कारण नव्हता. माझ्या मेंदूला जागे राहायला काहीतरी हवे होते आणि संताप हा घरबसल्या मिळणारा सर्वांत स्वस्त उत्तेजक पदार्थ आहे. हे समजल्यावर ती भांडणे थांबली असे नाही, पण मध्येच "तुला काम कंटाळवाणे आहे का आज?" असे नवरा विचारू लागला आणि त्या प्रश्नावर पुढे भांडता येत नाही.

स्वीडनमधील संशोधकांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात एडीएचडी असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी खरखरीच्या सलग आवाजात सुधारली आणि इतर मुलांची त्याच आवाजात घसरली. ते वाचल्यावर मला शाळेतला एक जुना प्रसंग आठवला. दहावीचा अभ्यास मी पिठाच्या गिरणीच्या माडीवर, मावशीकडे राहून केला होता. सगळे तिला म्हणत की त्या घरघरीत पोरीचा अभ्यास कसा व्हायचा. आयुष्यात एवढा चांगला अभ्यास माझ्याकडून त्यानंतर झाला नाही. आज मी मुद्रिते तपासताना कानात पावसाचा सलग आवाज लावते आणि पायाखाली क्रिकेटचा चेंडू घोळवत बसते. हे करताना पाहून एका नातलगांनी "आता तुझेही सुरू झाले का?" असे विचारले. सुरू आधीपासूनच होते. पत्ता आत्ता लागला. माझ्या मुलाचा ऑटिझम दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील २१ प्रकारांत आहे. माझे दुखणे त्या यादीत नाही, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला कागद नाही, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणि चेंडू आहे.

दोन्ही टोकांविषयी एवढे कळल्यावर तिसरी गोष्ट कळायला मला एका लग्नाची किंमत द्यावी लागली. कार्यालय मोठे होते. सनई स्पीकरवर, जेवणाच्या पंगतीतून भांड्यांचा खणखणाट, दारातच अंगावर गुलाबपाण्याचा शिडकावा, शेजारून जाणाऱ्या प्रत्येक पैठणीबरोबर वेगळे अत्तर. मुलाच्या कानांवर आम्ही हेडफोन चढवले होते आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर आश्चर्य वाटावे इतका शांत बसला होता. पाचव्या मिनिटाला एका मामींनी "किती शहाण्यासारखा बसलाय," असे म्हटले तेव्हा मला अभिमान वाटला. पंधराव्या मिनिटाला तो एकाच दिशेला पाहतो आहे असे दिसले, तेव्हा तो कंटाळला असावा असे मी ठरवले, कारण मी त्या जागी कंटाळले असते. म्हणून मी त्याला काहीतरी द्यायला लागले. पुढे नेऊन नवरानवरी दाखवली, हातात अक्षता दिल्या, कानातला एक हेडफोन बाजूला करून गाण्यांची नावे सांगितली. मंगलाष्टके संपली, "शुभमंगल सावधान" झाले आणि मागच्या रांगांमधून उडालेल्या अक्षतांपैकी मूठभर त्याच्या केसांत आणि शर्टाच्या आत, पाठीवर पडल्या. त्यानंतरची पंचवीस मिनिटे मी लिहीत नाही. शेवटी आम्ही तिघे कार्यालयाच्या मागे, आचाऱ्यांच्या मोठ्या पातेल्यांच्या आडोशाला, भिंतीला टेकून बसलो होतो आणि नवरा त्याच्या पाठीवर चिकटलेले तांदळाचे दाणे ओल्या बोटाने एकेक टिपून काढत होता.

तो शांत नव्हता, तो मिटला होता. मिटलेले मूल आणि कंटाळलेले मूल बाहेरून अगदी सारखे दिसते: नजर लांब, हाक मारली तरी ओ नाही, अंग सैल. मात्र दोघांना लागणारे औषध नेमके उलटे असते. कंटाळलेल्याला आणखी काही द्यावे लागते, मिटलेल्याकडून सगळे काढून घ्यावे लागते, आणि मी त्या दिवशी भरून वाहणाऱ्या भांड्यात प्रेमाने आणखी ओतत होते. शिवाय मी माझ्या मापाने मोजत होते, ही चूक तर रोजच होते. तेव्हापासून मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, पायाकडे पाहते. चप्पल काढून ठेवलेली असली की दिसते: कंटाळला असेल तर पाय हलत असतो, अंगठा फरशीवर काहीतरी गिरवत असतो, मिटत चालला असेल तर पाचही बोटे आत वळून घट्ट झालेली असतात आणि तळहात थंड असतात. हे कोणत्याही तक्त्यात नाही आणि दुसऱ्या कोणाच्या मुलाला लागू पडेल असेही नाही. प्रत्येक घराला आपापला अंगठा शोधावा लागतो.

जाता जाता एक तक्रार. आपण मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. शब्द कानाला गोड आहे, पण स्वतःत रमून गेलेला, जगाची फिकीर नसलेला असा जो माणूस त्यातून उभा राहतो, तो मी अजून पाहिलेला नाही. त्या कार्यालयात जगाकडे सर्वांत जास्त लक्ष जर कोणाचे असेल तर ते माझ्या मुलाचे होते. त्याला बाकीचे सगळे बंद करता येत नव्हते, एवढेच.

घरात मात्र या दोन्ही मापांची माणसे एकाच छपराखाली राहतात आणि तिथे शास्त्र फारसे कामाला येत नाही. त्याला हवे असलेले झाकण मला संध्याकाळी सहानंतर असह्य होते, कारण दिवसभर काम करून तोवर माझा गाळणा फाटलेला असतो. मला जागे ठेवणारा रेडिओ त्याला टोचतो. दोघांचेही बरोबर असते आणि दोघांनाही एकाच वेळी सुख देता येत नाही, ही गोष्ट मान्य करण्यात आम्ही फार वर्षे घालवली. आता झाकणाची वेळ सकाळची आहे, खाली सतरंजीची एक घडी असते, आणि ती घडी किती जाड असावी यावर आमची जी बोलणी झाली ती दोन देशांच्या तहापेक्षा कमी नव्हती. त्याला थरथर हवी, मला टणत्कार नको. तीन पदरांवर थरथर मेली, एका पदरावर टणत्कार उरला. दोन पदरांवर तह झाला.

मिक्सरचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला, आणि त्यांना यातला एकही पारिभाषिक शब्द माहीत नाही. गावाकडच्या घरातून त्यांनी पाटा-वरवंटा आणवला. पहिल्या दिवशी त्यांनी नातवाला पाट्यामागे बसवले, त्याचे हात वरवंट्याच्या दोन्ही टोकांवर ठेवले, त्यावर आपले हात ठेवले आणि खोबरे-मिरचीवरून तो पुढे रेटला. तो दगड जड आहे. तो ढकलायला खांदे, दंड, मनगटे, पाठ सगळे लागते, आणि थेरपीच्या भाषेत ज्याला हेवी वर्क म्हणतात, जे सांधे आणि स्नायूंना आपण कुठे आहोत हे सांगते, ते नेमके हेच. आवाजही दगडावर दगडाचा, घासल्यासारखा, त्याच्या स्वतःच्या हाताच्या गतीने येणारा. आता आठवड्यातून तीनदा चटणी तो वाटतो. ती भरड होते आणि कधीकधी तीत खडा लागतो. मीठ घालणे त्याच्याकडे दिलेले नाही.

पांघरुणाचीही अशीच गोष्ट आहे. परदेशात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वजनदार ब्लँकेट विकतात आणि ऑनलाइन ती इथेही मिळतात, किंमत पाहून मी टॅब बंद केला. दाबामुळे शांत वाटते हे खोटे नाही. टेम्पल ग्रँडिन या ऑटिझम असलेल्या अमेरिकन पशुवैज्ञानिक बाईंनी तरुणपणी मावशीच्या रँचवर गुरांना दोन बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा पाहिला, त्यात गुरे शांत होतात हे हेरले आणि स्वतःसाठी तसे यंत्र बनवले. मात्र २०१४ साली ब्रिटनमधील एका नीट आखलेल्या चाचणीत वजनदार ब्लँकेटने मुलांची झोप मोजमापात काही वाढली नाही, आणि तरी मुलांना व आईवडिलांना तेच ब्लँकेट जास्त आवडले. मला या निष्कर्षात विसंगती वाटत नाही. आमच्याकडे माझ्या आजीच्या सात लुगड्यांची गोधडी आहे, तिच्याखाली मुलगा काही लवकर झोपत नाही. पण जागा राहून छताकडे पाहत पडून राहतो, आणि त्या पाऊण तासात घरात कोणी कोणावर ओरडत नाही.

आता उरला ढोल. पुण्यात गणपतीच्या आधी महिना-दोन महिने नदीपात्राच्या रस्त्यालगत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तेथील आवाज ऐकून ही मर्यादा कोणी कधी वाचली असेल असे वाटत नाही, आणि मिरवणुकीच्या दिवसांत आम्ही दरवर्षी गाव गाठतो. त्यामुळे गेल्या वर्षी स्कूटरवरून घरी येताना मागच्या सीटवरून "थांब" असे ऐकू आले, तेव्हा मला वाटले की त्याला उलटी होते आहे. तो उतरला, कानांवर स्वतःच हेडफोन चढवला आणि सरावाच्या दिशेने चालू लागला. काही पावले टाकायचा, थांबायचा, छातीवर तळहात ठेवायचा, पुन्हा चालायचा. एका विजेच्या खांबापाशी आल्यावर तो मागे सरकला, एक पाऊल पुढे आला, अर्धे पाऊल मागे गेला आणि तिथे उभा राहिला. हात छातीवर तसाच. ताशा कर्कश असतो, त्याला हेडफोनने अडवले होते. ढोलाचा खालचा ठोका मात्र कानाने अडवता येत नाही, तो फासळ्यांतून आत येतो. झाकणाची थरथर तो गालाने खात असे, तशी ही तो छातीने खात होता. मी पायांकडे पाहिले. सँडलमधला अंगठा हलत होता.

यंदाही आम्ही आठवड्यातून एकदा जातो. वीस मिनिटे झाली की मी हात वर करते आणि बहुतेक वेळा तो येतो. अंतर रोज तोच ठरवतो. चांगल्या दिवशी खांबाच्या पुढे, शाळेत काही बिनसले असेल तर पार पानाच्या टपरीपर्यंत मागे. मला स्वतःला ते ठोके दहा मिनिटांत डोक्यात जातात, म्हणून मी पुलाच्या कठड्यापाशी, स्कूटरजवळ थांबते, कानात पावसाचा आवाज लावून, तिथून तो मला पाठमोरा दिसतो.